‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना दात आवळले जातात तेव्हा

“मॅडम, प्रभूच्या प्रार्थनेत त्या ओळीपाशी आले की माझे दात आवळले जातात. सगळे पुढे जातात, मी तिथंच.”

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण हे गाऱ्हाणं समुपदेशक म्हणून माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतं. कुणाचं मूल आजारी असतं, कुणाचा संसार मोडायला आलेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते. माणसं रविवार न चुकवणारी, घरात पवित्र शास्त्र वाचणारी. भीती मात्र सगळ्यांची एकच: मनापासून देवाच्या स्वाधीन होता येत नाही, म्हणजे आपला विश्वासच खोटा.

इथे सांगते आहे ती हकिगत एका ताईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आणखी एक-दोघांचे अनुभव त्यात मिसळले आहेत. ताई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, शाळेत शिक्षिका. यजमान दोन वर्षांपासून डायलिसिसवर. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्यांना आळीपाळीनं दोन सल्ले दिले होते. पहिला: विश्वासानं मागा, शंका धरू नका, मिळालंच समजा. दुसरा: देवाची इच्छा म्हणून स्वीकारा, रडलात तर लोकांसमोरची विश्वासाची साक्ष बिघडते. पहिला पाळताना प्रत्येक रक्ततपासणी ही त्यांच्या विश्वासाची परीक्षा झाली आणि प्रत्येक रिपोर्ट नापासाचा शिक्का. दुसरा पाळताना रडायची सोय उरली नाही. शेवटी जेवणापूर्वीचे दोन शब्द सोडले, तर प्रार्थना थांबलीच.

“अगदीच थांबली?” मी विचारलं.

“शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत सगळ्यांसाठी करते. माझी पाळी आली की म्हणते, ‘प्रभू, तू जाणतोस,’ आणि खाली बसते.”

“तो जाणतो हे खरं. पण तुम्ही या वाक्यानं दार लावून घेताय, ताई.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दार उघडलं तर जे बाहेर येईल ते देवासमोर बोलण्यासारखं नाही.”

गाठ इथे होती. दुःखाला तोंड फुटल्याशिवाय त्याच्या पलीकडे जाता येत नाही असं मानून मी काम करते. ख्रिस्ती माणसाला त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, कारण ती शास्त्रातच आहे. त्यातल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. मुलासाठी तळमळणारी हन्ना मंदिरात इतकी आतून बोलत होती की एली याजकाला ती प्यालेली वाटली. संकटांनी पिचलेल्या ईयोबानं देवाशी भांडण मांडलं, आणि शेवटी देवाचा राग झाला तो देवाची बाजू सावरणाऱ्या त्याच्या मित्रांवर. ताईंना हे सगळं तोंडपाठ होतं. आपल्यालाही ते लागू आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना मी 13वं स्तोत्र दिलं. सहाच ओव्या आहेत आणि त्यांचे सरळ तीन भाग पडतात. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, त्यात ‘कोठवर’ चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. वहीच्या पानावर हेच तीन भाग करायचे. पहिल्या भागाला सात मिनिटं, दुसऱ्याला तीन. तिसरा आपोआप आला तर लिहायचा, नाहीतर रिकामा ठेवायचा. लिहायचं ‘तू’ म्हणून, देवाला उद्देशून. घड्याळ समोर हवंच. वेळेची मर्यादा नसली, तर विलाप कधी संपतो आणि तीच तीच काळजी उगाळणं कधी सुरू होतं ते कळत नाही. ओळखायची खूणही सोपी आहे: वाक्यातला ‘तू’ गळाला आणि नुसतं ‘माझं कसं होणार’ उरलं, की प्रार्थना थांबून चिंता सुरू झाली. तिथे पेन खाली ठेवावं.

बहुतेक जण चुकतात ते तिसऱ्या भागापाशी. पान अर्धवट दिसतं म्हणून घाईघाईनं ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ लिहून टाकतात. ताईंनीही पहिल्या आठवड्यात सातही दिवस तेच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. वरच्या तक्रारीचं अक्षर मात्र वाकडंतिकडं, एके ठिकाणी कागद फाटलेला. मी दोन्ही भागांवर बोट ठेवून विचारलं, “यातलं कुणी लिहिलंय?” फाटलेल्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या, “हे मी. खालचं शाळेतल्या बाईंनी.” मग 88वं स्तोत्र दाखवलं. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ते शास्त्रात आहे. पुढचे तीन आठवडे त्यांच्या वहीतला तिसरा भाग कोरा राहिला. त्या कोऱ्या जागेचा मला आनंद झाला होता, हे इथे कबूल करते.

खरं वळण सहाव्या भेटीत आलं. त्या दिवशी त्या चिडूनच आल्या. “प्रभूनं क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत एका वाक्यात सगळं देवावर सोडून दिलं. मला दोन वर्षांत जमत नाही.”

“एका वाक्यात?” मी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय काढून दिला. “39वी आणि 42वी ओवी मोठ्यानं वाचा. काय बदललं ते सांगा.”

त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोटानं शब्द धरत, मुलांना शिकवतात तसं.

“पहिल्यांदा म्हणतो, ‘होईल तर’ हा प्याला टळून जावो.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“‘टळून जात नसेल तर’…” त्या थांबल्या. “मागणंच बदललंय. पण मधे तो उठून शिष्यांकडे गेला होता. ते झोपले होते.” थोड्या वेळानं स्वतःच पुढची 44वी ओवी वाचली. “आणि तिसऱ्यांदा परत तेच शब्द. म्हणजे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ त्यालाही पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं?”

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकानं भाष्य करू नये. त्या रडल्या, आणि रडताना हात जबड्याकडे गेला. “सुटलंय,” म्हणाल्या.

या दोन ओव्यांमधलं अंतर मी अनेकांना दाखवते. ‘हा प्याला नको’ हे देवाच्या पुत्रानंच म्हटलं आणि ते पाप ठरलं नाही. म्हणून ‘नको’ हे आधी पुरतं म्हणून घ्यावं. ते गिळून थेट स्वाधीनतेवर उडी मारली की तोंडात शब्द येतात आणि जबडा आवळलेला राहतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे 42व्या ओवीतले शब्द प्रभूच्या प्रार्थनेतलेच आहेत, आणि त्या प्रार्थनेत त्यांच्या लगेच पुढे रोजची भाकर मागितली आहे. स्वाधीन झालं म्हणून मागणं संपत नाही. बागेत एकट्यानं जायचं नाही, हेही तिथंच आहे. येशूनं पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेलं आणि आपला जीव अति खिन्न झाल्याचं त्यांना सांगितलं. ते झोपले. पण सांगणं चुकलं नव्हतं. ताईंना मी अशी दोनच माणसं निवडायला लावली, जी सल्ला न देता शेजारी बसतील. पाळकबाई आणि शाळेतली एक सहकारी. दोघींना आधीच सांगून ठेवायचं: “उत्तर नको, फक्त ऐक.”

त्यानंतर त्यांची प्रार्थना लहान होत गेली आणि नेमकीही. ‘पूर्ण बरं कर’ हे मागणं राहिलं, पण त्याच्याशेजारी दिवसाचं मागणं आलं: आज मशीनवर असताना बीपी पडू नये, पायात गोळे येऊ नयेत, पाण्याची मर्यादा यजमानांनी न चिडता पाळावी. पहाटे तीनला जाग आली तर अंथरुणात पडून प्रार्थना करायची नाही असं आम्ही ठरवलं. उठून बसायचं, छोटा दिवा लावायचा, श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सावकाश सोडताना ‘दया कर’, दहा मिनिटं. अंधारात पडल्या पडल्या केलेली प्रार्थना बघता बघता हिशेब होते, औषधांचा, पैशांचा, पुढच्या वर्षाचा.

आता तीन गोष्टी ठामपणे सांगते, कारण त्यांच्याबाबतीत गप्प राहणं मला अपराध वाटतो. देवाच्या इच्छेच्या नावाखाली औषध किंवा डायलिसिस सोडायचा नाही. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजानं भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवानं त्याची 15 वर्षं वाढवली, आणि गळवावर अंजिरांचं पोटीसही लावायला सांगितलं गेलं. दुसरं, मारहाण सोसणं ही देवाची इच्छा म्हणून कुणी शिकवत असेल तर ते ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथे करू. तिसरं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा ‘प्रभू, मला उचलून ने’ ही प्रार्थना वरचेवर येत असेल, तर ते विश्वासाचं दुबळेपण समजू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही लागते. ताईंच्या वहीत ते वाक्य एकदा आलं होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि गोळ्या व वही दोन्ही चालू राहिल्या.

यजमान अजून डायलिसिसवरच आहेत. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा. तो चालू आहे ना, हे रोज बोटं ठेवून तपासावं लागतं, आत रक्ताची बारीक थरथर लागते. ताई ते काम सकाळी सहाला करतात. पूर्वी बोटं ठेवून लगेच उचलायच्या, भीतीनं. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, “आता थोडा वेळ तशीच ठेवते. थरथर लागली की म्हणते, ‘प्रभू, आज आहे.’ मग ती ओळ म्हणते.”

“आणि दात?”

“कधी आवळतात, कधी नाही. आवळले तर यांच्या हातावरची बोटं काढत नाही, परत म्हणते.”