इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) ५ गिगाहर्ट्झला न्यायचाय, मित्र म्हणतो मल्टिप्लायर ५० आणि व्होल्टेज १.४ टाक आणि सेव्ह कर, असं थेट करू का? आणि फायदा किती होईल?

थेट नका टाकू. ५ गिगाहर्ट्झ या चिपला अशक्य आहे असं अजिबात नाही, बऱ्याच ८७००के तिथपर्यंत जातात, पण मित्राचे आकडे हे त्याच्या चिपचे आहेत, तुमच्या नाही. एकाच मॉडेलच्या, सारख्याच खोक्यातून आलेल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत. एखादी १.२८ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ आरामात चालवते आणि दुसरी १.३८ देऊनही कुरकुरते. तुमची जर १.३ मध्ये भागणारी असेल तर १.४ देऊन वेग एक मेगाहर्ट्झनेही वाढणार नाही, फक्त उष्णता वाढेल आणि चिप लवकर झिजेल.

आधी हिशोब समजून घ्या, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला हात लावायचा नाही, मल्टिप्लायर ५० केला की ५ गिगाहर्ट्झ. तुमच्या मॉडेलच्या नावात के आहे म्हणजे मल्टिप्लायर उघडा आहे, फक्त मदरबोर्डही झेड मालिकेचा हवा (झेड३७० किंवा झेड३९०), बी किंवा एच मालिकेच्या बोर्डावर हा पर्याय मिळत नाही. आता वीज बघा. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही चिप सहाही कोअरवर (आत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सहाही भागांवर) मूळ ४.३ गिगाहर्ट्झला चालते, समजा तेव्हा १.२ व्होल्ट घेते. ५ गिगाहर्ट्झला १.३५ लागले तर वेग वाढला १६ टक्के आणि वीज वाढली साधारण ४७ टक्के. तेच १.४ दिले तर ५८ टक्क्यांच्या आसपास. ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडणार आणि ती तुमच्या कूलरला झेलायची आहे, म्हणून सगळा खेळ व्होल्टेज कमीत कमी ठेवण्याचा आहे, मल्टिप्लायरचा आकडा टाकणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

या चिपची एक खास अडचणही आहे. आत सिलिकॉन आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर नाही, पेस्ट आहे (पुढच्या ९९००के मध्ये सोल्डर आलं). त्यामुळे कूलर कितीही भारी असला तरी उष्णता आतच अडकते आणि तापमान क्षणात उडी मारतं. काही लोक झाकण काढून आत लिक्विड मेटल भरतात, पण ते काम पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करणाऱ्याने (म्हणजे चिप मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्याने) करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता बायोस. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, हे मी उगाच सांगत नाहीये, अस्थिर चिप कधीकधी क्रॅश न होता चुकीचा डेटा डिस्कवर लिहिते आणि ते पुढे कधीतरी कळतं. मग पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा, ॲडव्हान्स्ड मोड उघडा आणि एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं तयार सेटिंग) सुरुवातीला बंद ठेवा. रॅमचा वेग आणि प्रोसेसरचा वेग एकदम वाढवला आणि क्रॅश झालं तर दोष कुणाचा हे शोधताना डोकं फिरतं. मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाचं सेटिंग दिसलं तर तेही बंद करा, बोर्ड त्यात स्वतःच्या मनाने सगळे कोअर वर नेतो आणि व्होल्टेजही स्वतःच ठरवतो.

मग सगळे कोअर सिंक करून मल्टिप्लायर ४७ करा. कोअर व्होल्टेज ऑटोवरून काढून मॅन्युअल किंवा ओव्हरराइडवर आणा आणि १.२५ टाका. ऑटोवर ठेवू नका हे मी दोनदा सांगेन, कारण मल्टिप्लायर वाढवल्यावर ऑटो सेफ राहायच्या नादात गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो. दीर्घकाळाची पॉवर लिमिट ९५ वॉटच्या आसपास असेल तर ती वाढवा नाहीतर लोड आला की वेग खाली येईल आणि तुम्हाला वाटेल ओव्हरक्लॉक लागूच झालं नाही. एव्हीएक्स ऑफसेट सुरुवातीला २ ठेवला तरी चालेल, म्हणजे जड एव्हीएक्स सूचना (एकावेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या, चिप जास्त तापवणाऱ्या) आल्या की मल्टिप्लायर दोनने उतरतो. कॅश किंवा रिंग रेशो (चिपच्या आतल्या जलद मेमरीचा मल्टिप्लायर) कोअरच्या बराच खाली राहू द्या, त्यातून मिळतं फार थोडं.

लोड लाइन कॅलिब्रेशन हे एकच सेटिंग जरा नीट समजून घ्यावं लागेल. प्रोसेसरवर लोड आला की व्होल्टेज थोडं खाली पडतं, हे मुद्दामच तसं केलेलं असतं, आणि कॅलिब्रेशन ती पडझड कमी करतं. पूर्ण वरच्या पातळीला नेलं की लोड सुटतो त्या क्षणी व्होल्टेज सेट केलेल्या आकड्याच्या वर उसळतं, आणि ती उसळी इतकी छोटी असते की मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला दिसतही नाही. म्हणून मधली पातळी घ्या. आणि आकड्यावर जाऊ नका, काही बोर्डांवर पातळी १ सगळ्यात कडक असते तर काहींवर सगळ्यात मोठा आकडा, बायोसमध्ये बाजूला आलेख असतो तो बघा.

सेव्ह करून विंडोजमध्ये या, एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा ठेवा आणि सिनेबेंच (सगळे कोअर राबवणारी टेस्ट) काही वेळा चालवा. टिकलं तर मल्टिप्लायर ४८, परत तेच, मग ४९. जिथे अडेल तिथे व्होल्टेज ०.०१ किंवा ०.०२ ने वाढवायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. निळी स्क्रीन येऊन कोड ०x१२४ किंवा ०x१०१ दिसला तर बहुतेक वेळा कोअर व्होल्टेज कमी पडतंय असं समजा. मी स्वतः हवेच्या चांगल्या कूलरवर रोजच्या वापरासाठी १.३५ च्या वर जात नाही, आणि तुम्हीही तीच मर्यादा धरा. तापमान १०० अंशांना चिप स्वतःच वेग कापते, पण तिथपर्यंत जायचंच कशाला, कडक टेस्टमध्ये ८५ च्या आत ठेवलं तर रोजच्या कामात ती बरीच थंड राहते. आणि खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते, म्हणजे थंडीत केलेली टेस्ट उन्हाळ्यात पुरेशी नाही.

सिनेबेंच पास झालं म्हणजे स्टेबल झालं असं नाही हे लक्षात असू द्या, माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. प्राइम९५ या टेस्टचं २६.६ व्हर्जन, ज्यात एव्हीएक्स नाही, त्यातल्या स्मॉल एफएफटी या पर्यायावर काही तास चालवा, किंवा ओसीसीटी ही तशीच दुसरी टेस्ट, आणि त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी आहेत का ते बघा. टेस्ट हिरवी दाखवते, पीसी क्रॅशही होत नाही, पण तिथे 'करेक्टेड हार्डवेअर एरर' साठलेले असतात. एकही नोंद दिसली तर ओव्हरक्लॉक स्टेबल नाही, व्होल्टेज एक पायरी वाढवा किंवा मल्टिप्लायर एकने उतरवा. मी तर मल्टिप्लायर उतरवणंच पसंत करतो.

सेटिंग फारच चुकलं आणि पीसी स्क्रीनच दाखवेना तर घाबरू नका. बहुतेक बोर्ड दोन-तीनदा अडखळून स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. नाहीच आला तर प्लग काढून बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोस सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना काही सेकंद जोडा किंवा गोल बॅटरी काढून थोड्या वेळाने परत बसवा. चुकीच्या मल्टिप्लायरने चिप मरत नाही, फक्त बूट होत नाही. खरं नुकसान करतं ते जास्तीचं व्होल्टेज, आणि तेही हळूहळू, आज चालणाऱ्या वेगाला काही महिन्यांनी जास्त व्होल्ट लागायला लागतात तेव्हा लक्षात येतं.

फायद्याचं विचारलंत तर व्हिडिओ एक्सपोर्ट, कोड कंपाइल, थ्रीडी रेंडर असली सगळे कोअर खाणारी कामं करत असाल तर ४.३ वरून ५ ला गेल्यावर वेळ खरोखर वाचतो, जवळपास वेग वाढला त्या प्रमाणात. गेम खेळत असाल तर ग्राफिक्स कार्ड बऱ्याचदा आधीच १०० टक्के चालू असतं, तिथे फारसं काही हाती लागत नाही, आणि मूळ चिपही एका कोअरवर ४.७ पर्यंत स्वतःहून जातेच. त्यातही ४.८ किंवा ४.९ ला कमी व्होल्टेजमध्ये बसत असेल तर मी तिथेच थांबेन, शेवटचे १०० मेगाहर्ट्झ म्हणजे २ टक्के, आणि त्यासाठी मोजावी लागणारी उष्णता त्याच्या कितीतरी पट असते.

हे सगळं जमलं की मग एक्सएमपी चालू करून परत टेस्ट करा, आणि व्होल्टेज मॅन्युअलवरून ॲडाप्टिव्हवर न्या म्हणजे रिकाम्या वेळी चिप कमी व्होल्टवर उतरेल. सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, बायोस अपडेट केलं की प्रोफाइल बऱ्याचदा उडतात.