बॅग दारात दिसली आणि सासूबाई गप्प झाल्या

ताई, मी नाशिकची, लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. सासूबाई ९१ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. आठ वर्षांच्या लेकीला सुट्टीत सहा आठवडे माझ्या आईकडे पाठवायचं ठरलंय. तिची बॅग दारात दिसल्यापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. पाच वर्षांच्या असताना, १९३९ मध्ये, त्यांना लंडनहून डेव्हनला पाठवलं होतं. परत आल्या थेट १९४५ ला. ज्या बाईंकडे राहिल्या त्यांचा फोटो उशाशी असतो, सख्ख्या आईचा घरात एकही नाही. 'परत आले तेव्हा आईला मी मिसेस म्हणाले,' एवढंच एकदा बोलल्या. नवरा म्हणतो, तिनं मला कधी जवळ घेतलं नाही, तू कशाला मनावर घेतेस? आईवर इतका राग असतो का कुणाचा? आणि लेकीला पाठवू की नको?
– एक सून

पाठव गं. फक्त बॅग सासूबाईंसमोर भर, जमलं तर त्यांच्याच हातानं.

फोटो नाही म्हणजे राग, असं मला वाटत नाही. १ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं ब्रिटननं शहरांतली मुलं खेड्यांकडे हलवायला घेतली. तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले, त्यांतली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, आईबापांशिवाय. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. मूल कुठल्या गावी उतरणार हे बहुतेक आयांना ठाऊकच नव्हतं. गावातल्या हॉलमध्ये लोक येऊन मुलं निवडून नेत. एकट्या मुलामागे सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई. शेवटपर्यंत कुणी न निवडलेल्या पोराचं काय होत असेल, हे मी लिहीत बसत नाही.

हे झालं जाणं. तुझ्या सासूबाईंचं दुखणं मला येण्यात दिसतं. पाचाव्या वर्षी गेलेली मुलगी अकराव्या वर्षी परतते तेव्हा दारातली बाई तिला परकी असते, आणि जिला ती आई समजू लागली ती डेव्हनला राहिलेली असते. ताटातूट दोनदा झाली. पहिल्या वेळी निदान रडता तरी आलं. दुसऱ्या वेळी जो तो म्हणत असणार, अगं, घरी आलीस की!

आणि त्या सख्ख्या आईचं काय? तेव्हा सरकारी पोस्टर होतं: झाडाखाली मुलांजवळ बसलेली आई, आणि तिच्या कानाशी हिटलर, 'ने त्यांना परत.' म्हणजे जीव तुटून मूल घरी आणणारी आई शत्रूचं ऐकणारी! बऱ्याच जणींनी तरीही पहिल्या काही महिन्यांतच मुलं माघारी नेली. तुझ्या आजेसासूबाईंनी मन घट्ट केलं, आणि बदल्यात 'मिसेस' ऐकलं. त्या दोघी पुढे एकमेकींना बिचकतच राहिल्या असतील.

त्यातून तुमची पोर समुद्रापलीकडे चाललीय. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' नावाचं जहाज मुलांना घेऊन कॅनडाला निघालं होतं. नाव काशीचं, खलाशीही बरेचसे हिंदुस्थानातले. ते पाणबुडीनं बुडवलं. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली, आणि मुलं परदेशी धाडणंच थांबलं. त्या पिढीला हे विसरायला सांगू नये.

'तेव्हा काय वाटलं?' असं सासूबाईंना विचारू नकोस, त्या चहा करायला उठतील. 'तुमच्या बॅगेत काय होतं?' असं विचार. सरकारनं यादी दिली होती: कंगवा, टूथब्रश, टॉवेल, रुमाल, जादा मोजे. वस्तूंबद्दल माणसं बोलतात. मग परतीचं तिकीट त्यांच्या हातात दे आणि ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लेकीकडून लिहून घे.

नवऱ्याला मात्र 'आईला समजून घे' म्हणून टोचू नकोस. त्याची उणीव खरी आहे, त्याच्या वेळेनं तो बघेल.

अजून एक. पोचल्यावर नवा पत्ता घरी कळवायला त्या मुलांना एक पोस्टकार्ड दिलेलं असे. लेकीला नाशिकला उतरल्या दिवशीच लेस्टरच्या आजीला कार्ड लिहायला लाव. व्हिडिओ कॉल रोज होईलच, तरीही. लेक आधी घरी पोचली आणि कार्ड मागून आलं, तरी चालेल.