बोर्डिंगचे १२ वाचवताना कार्डावर महिन्याला १०५

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: “कामासाठी महिन्याला चार विमानफेऱ्या होतात. एका फेरीचं भाडं १०० धरलं (पुढचे आकडेही याच मापात) तर प्रायॉरिटी बोर्डिंगला, म्हणजे इतरांच्या आधी विमानात चढायला, १२ पडतात. तिकिटाचे पैसे ऑफिस पंधरवड्यात देतं, बोर्डिंगचे देत नाही. म्हणून विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर हे बोर्डिंग फुकट आहे. कार्डाची १५० वार्षिक फी आता भरायची आहे. कार्ड ठेवू, की बंद करून दर फेरीला १२ भरू? सोबत फक्त पाठीवरची लॅपटॉप बॅग असते, सीट आधीच निवडलेली असते. कार्डावर बाकी ३,००० च्या आसपास राहते, व्याज महिना ३ टक्के आहे. पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) कधी चुकवलेलं नाही, जास्तच भरतो. क्रेडिट प्रोटेक्शनही (कार्डाच्या बाकीचा विमा) आहे, त्याचे महिना १५. अडीनडीसाठी ४,००० ची मुदत ठेव आहे, ती मोडायची नाही. माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट) साठवतोय, तीन वर्षांनी घरच्या चौघांची मोठी ट्रिप त्यातूनच करायची आहे.”

तुमचा गुणाकार चुकलेला नाही. वर्षाला ४८ फेऱ्या, प्रत्येकी १२, म्हणजे ५७६. त्यातून फी १५० गेली की ४२६ वाचले. पण हे ५७६ खर्च करायची मुळात गरज होती का?

सीट ठरलेली असताना आधी चढणाऱ्याला एकच खरी गोष्ट मिळते, ती म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यातली जागा. बोइंगच्या ७३७ मधल्या आधीच्या पद्धतीच्या कप्प्यात चाकांच्या चार बॅगा बसतात, नव्या मोठ्या कप्प्यात त्या कडेवर उभ्या करून सहा. विमान भरलेलं असलं की शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा बऱ्याचदा गेटवरच काढून घेऊन खाली सामानात टाकतात. ज्याला उतरल्यावर पट्ट्यापाशी थांबायचं नाही, त्याने १२ भरले तर समजू शकतं. युरोपातल्या रायनएअरसारख्या विमान कंपनीत तर प्रायॉरिटी म्हणजे बॅगेचंच भाडं आहे: नोव्हेंबर २०१८ पासून तिथे मोठी केबिन बॅग सोबत न्यायची तर प्रायॉरिटी घ्यावी लागते, नाहीतर फक्त सीटखाली मावेल एवढी लहान पिशवी. अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीत सीट नंबरच नसायचे, त्यामुळे आधी चढण्याला अर्थ होता. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही सीट आधी ठरते.

तुमची बॅग पुढच्या सीटखाली जाते. म्हणजे १२ देऊन तुम्ही त्याच खुर्चीत वीस मिनिटं जास्त बसता. दार सगळ्यांसाठी एकदमच लागतं. आणि विमानापर्यंत बसने नेलं तर तेही नाही: बसमध्ये आधी चढलेला आत ढकलला जातो आणि दाराशी लोंबकळणारा आधी उतरून शिडी गाठतो.

तेव्हा बोर्डिंगवरची बचत शून्य धरा. आता कार्डाकडे येऊ.

तिकिटाचे पैसे ऑफिस देतं, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मग ३,००० ची बाकी तिकिटांची असूच शकत नाही. ती मागच्या कुठल्यातरी खर्चाची आहे आणि तिकिटांच्या ये-जा मध्ये ती दिसेनाशी झाली आहे. ३,००० वर ३ टक्के म्हणजे महिन्याला ९०. वर प्रोटेक्शनचे १५. तिकिटांचे ४०० धरून तुम्ही महिन्याला साधारण ५०५ भरत असणार, म्हणून तर “जास्तच भरतो” असं वाटतं. मुद्दल मात्र तसूभर हललेलं नाही. मिनिमम ड्यू वेळेवर भरलं की उशिराचा दंड लागत नाही आणि तुमची नोंद खराब होत नाही. व्याज त्याने थांबत नाही.

शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत सहसा संपते. मग १०० चं तिकीट काढल्या दिवसापासून व्याज चढतं. ऑफिसने पंधरा दिवसांनी १०० दिले आणि तुम्ही त्याच दिवशी कार्डावर भरले, तरी दीड तुमच्या खिशातून गेलेला असतो.

वर्षाचं व्याज १,०८०, प्रोटेक्शन १८०, फी १५०. एकूण १,४१०. भागिले ४८ फेऱ्या: एक “फुकट” बोर्डिंग २९ ला पडलं. काउंटरवर ते १२ ला मिळतं, आणि तुम्हाला त्याचीही गरज नाही.

क्रेडिट प्रोटेक्शन कुणीतरी फोनवर गळ्यात मारलेलं दिसतंय. हप्ता बाकीच्या प्रमाणात, म्हणजे जो कर्जात रुतलेला त्यालाच महाग. नोकरी गेली तर भरपाई, असं सांगून विकतात. अटी वाचल्या तर स्वतः राजीनामा दिलेला बहुधा बसत नाही, आधीपासूनचा आजार बसत नाही, आणि मिळतात ते बऱ्याचदा काही महिन्यांचे हप्ते. बाकी शून्य केली की या विम्याला विमा उतरवायला काही उरतच नाही. लेखी कळवून बंद करा, नुसतं फोनवर सांगू नका.

माइल्सचं म्हणाल तर, ४,८०० च्या वार्षिक तिकीटखर्चावर कार्डाचे माइल्स उदार होऊन २ टक्के किमतीचे धरू. वर्षाला ९६. म्हणजे वर्षभराची कमाई एका महिन्याच्या व्याजाएवढी. तीन वर्षांत २८८ होतील. चौघांचं जाणं-येणं म्हणजे आठ तिकिटं, आणि तीही तुमच्या रोजच्या मार्गाच्या भाड्याची नव्हेत. माइल्सवर व्याज नाही, आणि एका तिकिटाला किती लागतील हे कंपनी तिच्या मर्जीने बदलते, बहुतेक वेळा वरच्या दिशेने. शिवाय कर आणि शुल्क रोख द्यावं लागतं ते वेगळंच. प्रवास केल्याचे माइल्स कार्ड नसतानाही मिळतात. साठवू नका, तिकिटाला पुरे झाले की वापरा.

मुदत ठेव ६ टक्क्यांनी असेल तर ३,००० वर वर्षाला १८० देते, आणि तेवढ्याच ३,००० वर कार्ड १,०८० घेतं. वर्षाला ९०० घालवून ठेव शाबूत ठेवलीय. मुदतीआधी मोडल्याचा दंड या फरकापुढे किरकोळ आहे. ३,००० मोडा, १,००० राहू द्या. व्याज-प्रोटेक्शनचे सुटलेले १०५ दर महिन्याला ठेवीत टाकलेत तर अडीच वर्षांच्या आत ती पुन्हा ४,००० होते. मध्येच खरी अडचण आली तर ठेवीत उरलेले हाताशी असतीलच.

तेव्हा कार्ड बंदच करा, पण क्रम चुकवू नका. वार्षिक फी बिलात लागण्याआधी पूर्ण बाकी भरा. त्यानंतरची तिकिटं डेबिट कार्डाने काढा. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात आधी वळवून घ्या. बँकेकडे पडून राहिलेले कार्डाबरोबर जातात, कंपनीच्या खात्यात आलेले सहसा राहतात. रद्द केलेल्या एखाद्या तिकिटाचा परतावा याच कार्डावर यायचा असेल तर तो येईपर्यंत थांबा. पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसेल, मागच्या बिलापासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं. लोक इथेच फसतात: कार्ड संपलं समजून ते बिल उघडत नाहीत, आणि तेवढ्याशा रकमेवर उशिराचा दंड बसतो. ते भरा, बाकी शून्य असल्याचं स्टेटमेंट हातात घ्या, मग बंद करायचा अर्ज द्या.

एखाद्या फेरीला चाकांची बॅग न्यावी लागली आणि उतरल्यावर घाई असली, तर त्या दिवशी १२ खुशाल भरा. न भरता बॅग गेटवर द्यावी लागली तर पॉवर बँक, औषधं आणि लॅपटॉप आधी काढून घ्या; सुटी लिथियम बॅटरी खालच्या सामानात चालत नाही, आणि रांग मागे खोळंबलेली असताना बॅग उपसायला वेळ मिळत नाही.