देवाच्या नावावर खपवू नकोस

बाळ,
प्रभूच्या नावे सलाम.

तुझं पत्र वाचलं. प्रार्थनेला बसलीस की तुझा तो मुलगाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे नातं 'प्रभूला अर्पण करून' मोकळं व्हायचं तू ठरवते आहेस. तो मुलगा काय तुझ्या मालकीचा आहे, अर्पण करायला? प्रेम करायचं तर स्वतःच्या नावावर कर, मोडायचं तर स्वतःच्या नावावर मोड. देवाच्या नावावर खपवू नकोस.

देव म्हणजे काय सवत आहे, वाटणी कमी पडली म्हणून रुसायला? आता तू 'ईर्ष्यावान देव' पुढे करशील. बायबलात निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ते मूर्तींबद्दल आलंय. त्याची मूर्ती केली असशील तर ती फोड, मुलगा राहू दे.

बायबलातलंच गीतरत्न वाच. आठच अध्याय आहेत, तासाभरात होतील. आपल्याकडे ते वेदीवरून फारसं वाचत नाहीत, आणि वाचलंच तर लगेच 'ख्रिस्त आणि मंडळी', म्हणजे ख्रिस्त आणि त्याचं चर्च, असा अर्थ लावून हातावेगळं करतात. तो अर्थ मला मान्य आहे, पण त्याआधी तिथे एक हाडामांसाची मुलगी आहे. रात्री गावभर त्याला शोधत फिरते, पहारेकरी तिला मारतात, अंगावरचं वस्त्र ओढून घेतात, तरी म्हणत नाही की मला वरून आज्ञा झाली होती. सरळ सांगते, माझा जीव त्याच्यावर जडलाय.

कवी ना. वा. टिळकांनी प्रभूसाठी बायको सोडली, असंही लिहिलंयस. अर्धवट वाचून येत जाऊ नकोस गं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि काही वर्षं ताटातूट झाली, हे खरं. पण नातं त्यांनी तोडलं नव्हतं. त्यांची बायको लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळंओवळं सांभाळूनच, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. नवऱ्याच्या देवाखातर नव्हे. ताटातुटीत त्या बाईने काय सोसलं ते वाचलंस, तर 'अर्पण' हा शब्द इतक्या सहज लिहिणार नाहीस.

माझं सांगते. तुझ्याच वयाची असताना मंडळीतल्या एका भल्या माणसाचा निरोप आला, 'प्रभूने मला दाखवलंय, तूच माझी सहचारिणी.' मी विचारलं, मग मला का नाही दाखवलं? झालं! उद्धट ठरले. गीतमंडळातली माझी जागा गेली, आणि माझा आवाज बरा होता, त्याची हळहळ अजून आहे. पण त्याने नुसतं 'तू मला आवडतेस' म्हटलं असतं ना, तर मी निदान विचार केला असता. आजही तेच उत्तर देईन. लोक अजून मला तिखट म्हणतात. म्हणोत.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, तो प्रीतीवरचा, प्रत्येक लग्नात वाचतात, तुझ्याही वाचतील. पौल तो नवरा-नवरीला लिहीत नव्हता. गट पाडणाऱ्या, एकमेकांना न्यायालयात खेचणाऱ्या मंडळीला लिहीत होता. देवावरची प्रीती आणि माणसावरची प्रीती तपासायला त्याने वेगवेगळी मापं दिली नाहीत. सहन करते का, खरं बोलते का, एवढंच. त्या मुलाला खरं न सांगता नातं मोडलंस, तर देवावरची प्रीती वाढेल ती कुठून?

आणि लग्नाच्या विधीत पाळक वराला विचारतात, वधूला विचारतात, तू हिला पत्करतोस का, तू ह्याला पत्करतेस का. उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असतं. देव तिथे साक्षीला असतो, तुझ्या वतीने 'हो' म्हणायला नसतो. 'नाही' म्हणायलाही नसतो.

पत्राच्या शेवटच्या पानावर, खाली बारीक अक्षरात, त्याची नोकरी कंत्राटी आहे आणि बाबांना ते पटत नाही, असं लिहिलंयस. हे पहिल्या पानावर यायला हवं होतं. रविवारच्या उपासनेआधी त्याला गाठ आणि हेच सांग, प्रभूला मध्ये न घेता. बाबांशी बोलायचं धाडस होत नसेल तर मला कळव, मी येते.

तुझी,
मावशी