टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर ट्रान्स पुरुषाचा मेंदू बदलतो का? शरीर आपलं वाटायला लागतं का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन सुरू करतोय आणि घरचे घाबरलेत की त्याचं डोकंच बदलेल. मी स्वतः ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेला पण पुरुष असलेला, परळला राहतो, इंजेक्शन सुरू करून चार वर्षं झाली. माणूस तोच राहतो हो, घरच्यांना हे आधी सांगा.

बदलतं ते वेगळंच काहीतरी. आधी मी मोरीत लाइट न लावता आंघोळ करायचो. सलूनमध्ये केस कापून झाले की तो मागून छोटा आरसा धरतो ना, तेव्हा मी खाली बघूनच मान हलवायचो. साधारण दीड वर्षानंतर एकदा त्याने आरसा धरला आणि मी नीट बघितलं, मानेवर केस अजून बारीक करायला सांगितले, बाहेर आल्यावर लक्षात आलं की आपण आत्ता काय केलं, आणि फुटपाथवरच डोळे भरून आले.

मेंदूवर अभ्यास झालेत. नेदरलँड्समधल्या 2006 च्या अभ्यासात 4 महिन्यांच्या टेस्टोस्टेरॉननंतर मेंदूचा एकूण आकार थोडा वाढलेला दिसला, पण त्यात ट्रान्स पुरुष होते फक्त 6, तेव्हा त्यावरून कुणी छातीठोकपणे काही सांगितलं तर ऐकू नका. मला जास्त पटतं ते स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय विद्यापीठाचं काम. तिथे माणसाला स्वतःच्याच शरीराचे फोटो दाखवतात, काही बाईच्या अंगाकडे झुकवलेले, काही पुरुषाच्या, आणि विचारतात की यात तू किती आहेस. उपचारानंतर कपाळामागचा जो भाग ‘मी’ची जाणीव ठेवतो त्याची शरीराचं भान ठेवणाऱ्या भागाशी जोडणी वाढलेली दिसली. आता हे थेट हार्मोनमुळे की शरीर मनासारखं झाल्यामुळे, ते वेगळं काढणं अवघड आहे, मला विचाराल तर दोन्ही.

बाकी पाळी बहुतेकांची 1 ते 6 महिन्यांत थांबते, आवाज फुटतो आणि तो परत बारीक होत नाही, दाढी पूर्ण यायला 4-5 वर्षंही लागतात. पिंपल्स येतात, मला तर पाठभर आलेले. रक्त घट्ट होऊ शकतं म्हणून पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी ब्लड टेस्ट, ही चुकवू देऊ नका, आणि लवकर फरक पडावा म्हणून मनाने डोस वाढवणं तर अजिबात नको. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि पुढे मूल हवं असेल तर बीजांडं जपून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जा. औषध तेलकट असतं, स्नायूत हळूहळू सोडावं लागतं, तेवढा वेळ कुणी बोलत राहिलं की बरं वाटतं. माझ्याबरोबर ताई आलेली, पूर्ण वेळ ती घरी आज कुठली भाजी करायची हेच बोलत होती.