ओट्याला धरून सुरुवात करा

प्रश्न : वय ७१. रोज सिद्धेश्वर तलावाकाठी तासभर चालतो. तरी उंबऱ्याला ठेच लागून पडलो. मग चालण्याचा उपयोग काय?

चालणं सोडू नका, हृदयाला आणि साखरेला ते हवंच. पण तोल सावरण्याची सवय पायांना वेगळी लावावी लागते. २०१९ साली जगभरातल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. तोलाचे आणि उठण्या-बसण्यासारख्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल तसा ठोस पुरावा मिळाला नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठा-बसा. मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लागतील अशी पावलं टाकत भिंतीलगत चाला. आठवड्यातून तीन दिवस तरी.

प्रश्न : आई (७८) न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण आता कॉटवरून उतरायला घाबरते. आम्ही सगळं हातात देतो. बरोबर ना?

मायेनं करताय, पण नुकसान आईंचंच होतंय. बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो आणि भीती खरी ठरते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक आजी माझ्याकडे यायच्या, जन्मभर विड्या वळलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी ओटा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. टाचा उचलायच्या, पाच आकडे मोजायचे, हळू टेकवायच्या, बस्स. काही दिवसांनी नुसता तळवा टेकवून, मग दोन बोटांवर. दीड महिन्यानं त्यांनी स्वतः उठून चहा ठेवला. तेव्हा सून शेजारी उभी होती, पण हात न धरता. तेच सगळ्यात अवघड असतं, तुम्हालाही जाईल.

आईंना एकदा डॉक्टरांना दाखवून मग सुरुवात करा. आणि नळाला पाणी आलं की घागरी-बादल्यांनी शहाबादी फरशी ओली होते. ती पुसून कोरडी होईतो त्यांना बसवून ठेवा. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा लावून घ्या. टॉवेलच्या दांडीवर भार पेलत नाही.

प्रश्न : रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी चालू आहे. कोणता व्यायाम करू?

व्यायाम नंतर. आधी डॉक्टरांकडे जाऊन झोपून आणि उभं राहून, असं दोनदा बीपी मोजून घ्या. गोळी मनानं बंद करू नका. तोवर कॉटच्या कडेला मिनिटभर बसा, पावलं वर-खाली हलवा, दिवा लावा आणि मगच उठा.