खिडकीतली रोपं आडवी का पडतात?

प्रश्न: टोमॅटोचं बी घरात, खिडकीपाशी ट्रेमध्ये पेरलं. उगवलं छान, पण पंधरा दिवसांत रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडू लागली. खत कमी पडतंय का?

उत्तर: खत अजिबात घालू नका. रोपं उजेडासाठी धडपडताहेत. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, त्यांना पुरत नाही. पांढरा एलईडी दिवा शेंड्यांच्या चार-सहा इंच वर टांगा आणि रोज 14 ते 16 तास चालू ठेवा. रात्री अंधार हवाच.

खोड मातीलगत काळपट, चिमटल्यासारखं दिसतंय का? मग ती बुरशी. अशी रोपं लगेच काढा आणि पाणी ट्रेच्या खालून द्या. रोज वरून पाणी घालून मी वांग्याचा अख्खा ट्रे असाच घालवला होता, अजून हळहळ वाटते.

लांबलेला टोमॅटो मात्र वाचतो. खरी पानं, म्हणजे उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची, आली की बीजपत्रांपर्यंत, म्हणजे त्या पहिल्या जोडीपर्यंत, खोल लावा, खोडालाच मुळं फुटतात. उचलताना पानाला धरा, खोड नाजूक असतं.

बाहेर न्यायची घाई नको. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू ऊन वाढवा.